माहेर दूर असलेल्या बायांची गोष्ट



पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीत बसलं, की उरुळी, यवत, खुटबाव मागे पडतं आणि केडगाव येतं. बाजाराला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे जाताना आपण तिथे कितीदा तरी उतरलो असू. तिथल्या मोठ्या आवाराला सगळे नुसतं 'मिशन' म्हणतात. ते कुणी काढलं, कशासाठी काढलं, असं गटाच्या बैठकीत विचारलं तर एखादी म्हातारी 'रमाबाईंचं' एवढं सांगते आणि गप्प बसते. तिकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते गाव सगळ्यांना ठाऊक. त्याच गावात 'माहेर' नावाची एक संस्था आहे, हे मात्र कमी जणींना माहीत.

केडगावचं काम १८९७ साली उभं राहिलं आणि वढूचं १९९७ साली. मध्ये बरोबर शंभर वर्षं. दोन्ही घरं उभी राहिली ती मार खाल्लेल्या, टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायांसाठी. आणि दोन्हीकडे आलेल्या बायांमध्ये कितीतरी अशा, की ज्यांचं माहेर शेकडो कोस लांब, भाषा वेगळी, मुलूख वेगळा. आज ही गोष्ट सांगायचं कारण असं, की अशा बाया आपल्या दोन्ही तालुक्यांत आत्ताही आहेत. आपल्या गुऱ्हाळांवर आहेत, उसाच्या फडात आहेत, रांजणगाव आणि सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत आहेत. आणि आपल्या बचत गटांच्या हजेरीपत्रकात त्यांचं नाव नाही.

आधी रमाबाईंची गोष्ट. ती त्यांच्या लहानपणापासूनच सांगायला हवी, कारण परमुलखात निराधार होणं म्हणजे काय हे त्या पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या रानात. वडील अनंतशास्त्री. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. हातात पैसा नाही, मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. वडील गेले, आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं हजारो मैल पायी चालत, उपाशी राहत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. मग भाऊही वारला. रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना ते रुचलं नाही. दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा.

म्हणजे चोवीस वर्षांची विधवा, आईबाप नाहीत, सासर नाही, कडेवर मूल. ही बाई त्याच वर्षी पुण्यात आली आणि तिनं आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, ज्याला हंटर आयोग म्हणतात, तिनं साक्ष दिली, की मुलींना शिकवायला बाया हव्यात आणि बायांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला त्याचं पुढे येईलच.

इथे थोडं थांबून आणखी एका बाईचं नाव घेऊ. आनंदीबाई जोशी. पहिल्या भारतीय बाई डॉक्टरांपैकी एक म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचं नाव वाचतो. पण त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं, आणि शिकवणाऱ्या त्याच नवऱ्यानं लहानपणी आपल्याला लाकडानं मारलं, अंगावर वस्तू फेकल्या, हे त्यांनी पुढे पत्रातून नवऱ्यालाच लिहून कळवलं होतं. हे शाळेच्या पुस्तकात येत नाही. १८८३ साली अठराव्या वर्षी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावात कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. ना नात्याच्या, ना जातीच्या, ना धर्माच्या. नुसता पत्रव्यवहार होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. आनंदीबाई बाविसाव्या वर्षीच क्षयानं गेल्या, तेव्हा या मावशीनं त्यांच्या अस्थी मागवून घेतल्या आणि आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवल्या. परक्या देशात गेलेल्या मराठी बाईला तिथल्या बाईनं आधार दिला, याचं हे फार जुनं आणि फार लख्ख उदाहरण आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. तारीख ११ मार्च १८८६. मग तीन वर्षं त्या अमेरिकेत राहिल्या. हिंदू बाईच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. त्यातून बॉस्टनला एक मंडळ उभं राहिलं. त्या मंडळानं विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या मुलींत देवरुखच्या गोदूबाई होत्या, बालविधवा. पुढे त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, तेही ११ मार्चलाच, १८९३ साली. हा योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा. आपल्याकडे दिवस पाळायची हौस असते, तर ८ मार्चनंतर तीन दिवसांनी हाही पाळायला हरकत नाही.

शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्यात आलं. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार होती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती होतील, अशी ओरड झाली. 'केसरी'नं टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सदन रिकामं होतं की काय अशी पाळी आली. रमाबाईंनी त्याच काळात पुढचा विचार करून ठेवला होता. अमेरिकेतून येणारा पैसा दहा वर्षांनी आटणार, मग संस्था स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. म्हणून त्यांनी केडगावला माळाची जमीन घेतली. विहीर पाडायची, फळबाग लावायची, त्याच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. कर्ज नको, स्वतःचं उत्पन्न हवं. हा हिशेब आपल्या गटातल्या कुठल्याही बाईला लगेच कळेल.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला.

त्या वेळी सर्वांत वाईट हाल मध्य प्रांतात होते, म्हणजे आजचा मध्य प्रदेश आणि विदर्भाचा भाग. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतः उपाशी फिरलेल्या असल्यामुळे त्यांना काय बघायचं ते ठाऊक होतं. सरकारी दुष्काळी कामं, गरीबखाने, तिथल्या छावण्या त्यांनी बघितल्या आणि लिहून ठेवलं, की अन्नाबरोबर तिथे बायांच्या अब्रूचा बाजार मांडलेला आहे. पोटासाठी मुली विकल्या जात होत्या, मुकादम आणि रखवालदार तरुण बायांचा गैरफायदा घेत होते, दलाल टपून बसले होते. ज्या छावणीत बाईचं पोट भरायचं तिथेच तिची लूट. हे वाचताना आम्हांला राहून राहून वाटलं, की सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या छावणीचं वर्णन आणि आज एखाद्या टोळीवरच्या बाईनं दबक्या आवाजात सांगितलेली गोष्ट, यांत फारसं अंतर नाही.

रमाबाईंनी तिथून सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. रेल्वेनं. हे रेल्वेचं महत्त्वाचं. आपला दौंडचा मार्ग, तिथून मनमाडकडे जाणारा १८७८ पासूनचा फाटा, मुंबई-मद्रासची मोठी लाइन, यामुळे केडगावसारख्या माळावर देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून माणूस पोहोचू शकत होता. पण त्याच हिवाळ्यात पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात एवढ्या आजारी, हाडांचे सापळे झालेल्या मुली आणायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. बांधकाम नाही, तंबू आणि छपरं. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की इथे पोहोचूनही जगल्या नाहीत. ज्या जगल्या त्यांना सांभाळलं कुणी? शारदा सदनात शिकलेल्या विधवांनी. काल ज्यांना कुणी सांभाळलं होतं त्यांनीच आज दुसरीच्या केसांतल्या उवा काढल्या, जखमा धुतल्या, दात घासायला शिकवलं. आमच्या मते केडगावच्या यशाचं खरं मूळ इथे आहे. देणग्या आल्या, परदेशी बाया मदतीला आल्या, हे सगळं खरं. पण हिंदी बोलणाऱ्या, घाबरलेल्या, चावणाऱ्या-ओरबाडणाऱ्या मुलीला रात्री जवळ घेऊन झोपायला जी बाई लागते, ती स्वतः त्यातून गेलेली असावी लागते.

याच वर्षी रमाबाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती फारशी सांगितली जात नाही. पुण्यात प्लेगचे नियम कडक होते. माणसं उचलून दवाखान्यात आणि छावणीत नेत होते. त्यांच्या सदनातल्या एका मुलीला असंच नेलं आणि ती परत आली नाही. ती तिथल्या एका रखवालदाराच्या ताब्यात सापडल्याचं रमाबाईंना कळलं. त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात उघडपणे लिहिलं, की सरकारी छावणीत बाया सुरक्षित नाहीत. हे प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. सरकारनं आरोप नाकारला. रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही. विचार करा, ज्या सरकारच्या परवानगीवर आपली संस्था चालते त्याच सरकारविरुद्ध, एका मुलीसाठी.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, ज्याला तिकडे अजून छप्पनियो म्हणतात. पुन्हा केडगावच्या बाया तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावची वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली. त्या माळावर आता मराठी, हिंदी, गुजराती, कानडी सगळं बोललं जाऊ लागलं. रमाबाईंना स्वतःला यातल्या बऱ्याच भाषा येत होत्या. लहानपणच्या त्या भटकंतीचा एवढा तरी उपयोग झाला.

आता या घराची रचना बघा. एकाच छपराखाली सगळ्यांना कोंबलं नव्हतं. मुख्य ते मुक्ती सदन. शिकणाऱ्यांसाठी शारदा सदन. ज्यांची फसवणूक झाली, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या बायांसाठी कृपा सदन वेगळं. आंधळ्या बायांसाठी वेगळं घर, तिथे बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवत. आणि म्हाताऱ्या, पांगळ्या, कुणीच नसलेल्या बायांसाठी प्रीती सदन. एकोणिसाव्या शतकात समाजसुधारकांनी बालविधवेचं खूप लिहिलं, पण म्हाताऱ्या विधवेचं कोण लिहितं? तिच्याकडून देशाला काही मिळणार नसतं. तिचं लग्न होणार नसतं, ती शिक्षिका होणार नसते. तिच्यासाठी वेगळं घर, आणि नाव काय तर प्रीती सदन.

कामाचं म्हणाल तर काय नव्हतं? शेती, बाग, गाईगुरं, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, स्वयंपाक, धुलाई. शिवाय छापखाना, आणि तिथे खिळे जुळवण्यापासून सगळं काम बाया करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. ते याच छापखान्यात, बायांच्या हातांनी छापून झालं, १९२४ साली. ते बघायला रमाबाई नव्हत्या. मनोरमा १९२१ मध्ये गेल्या आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई.

धर्माचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही, कारण केडगावचं नाव काढलं की बैठकीत कुणीतरी तो काढतंच. पुण्यात असताना रमाबाई म्हणत, की आमच्याकडे कुणावर सक्ती नाही. केडगावला मात्र संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. आमचं मत असं, की आसरा मागायला आलेल्या बाईला आपला देव बदलायची वेळ येऊ नये. तिच्याकडे त्या घडीला 'नको' म्हणायची ताकद नसते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. वर्तमानपत्रात टीका करणारे पुष्कळ होते. गरीबखान्यात जाऊन त्या मुलींना गाडीत बसवून आणणारे किती होते? टीका करणाऱ्यांपेक्षा कर्वे आम्हांला मोठे वाटतात, कारण त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आपला आश्रम काढला आणि तो हिंगण्याला नेऊन वाढवला. गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, त्यासाठी वर्गणी मागत फिरल्या. आणि या सगळ्यांच्या आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं होतं. तिथे धर्म विचारला नाही, जात विचारली नाही, बापाचं नावही विचारलं नाही.

आता थोडं दूर जाऊ, पुन्हा त्या न्यू जर्सीकडे, जिथे आनंदीबाईंना मावशी भेटली होती. शंभर वर्षांनी तिथे आपल्याकडच्या हजारो मुली लग्न होऊन गेल्या. बरीचशी घरं सुखात नांदली. पण जिथे नवरा हात उचलत होता तिथे बाई पुरती अडकली. परदेशात राहायचा परवाना नवऱ्याच्या नावावर. नोकरीची मुभा नाही, गाडी चालवता येत नाही, इंग्रजी अडखळत. आईला फोनवर सांगावं तर ती इथे रडत बसणार. आपल्या शेतमजूर बाईला माहेर दोनशे कोसांवर असतं, तिला ते समुद्रापलीकडे. १९८५ साली तिथल्या भारतीय बायांनी मिळून 'मानवी' नावाची संस्था काढली. अमेरिकेत दक्षिण आशियातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेकडच्या, बायांसाठी निघालेली ही पहिली संस्था. तिथे आसराघरं आधीपासून होती, मग ही वेगळी कशाला? कारण आपल्याकडच्या बाईला तिथलं जेवण जात नव्हतं, भाषा कळत नव्हती, आणि 'सासू छळते' म्हणजे काय हे तिथल्या बाईला समजावून सांगता सांगता तिचा धीर सुटत होता. मानवीनं ते सगळं आपल्या भाषांत ऐकून घेतलं. पाठोपाठ १९८९ मध्ये न्यूयॉर्कला 'सखी' निघाली. लंडनच्या साउथॉल भागात तर १९७९ पासून 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' हे काम करत होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की नवरा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असेल आणि छळत असेल, तर बायको त्याच्या सहीवाचून स्वतः राहण्याच्या परवान्याचा अर्ज करू शकते.

परदेशातल्या म्हाताऱ्यांचं दुःख वेगळं. नातवंडं सांभाळायला म्हणून नेतात, आणि मग आजी दिवसभर बंद घरात, कुणाशी बोलायची सोय नाही. सगळीच मुलं वाईट नसतात, पण एकटेपणा सगळीकडे सारखा. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांनी ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' नावाचा उपक्रम चालवला आहे, तो यासाठीच.

आणि इकडे आपल्या शिरूर तालुक्यात? सिस्टर लूसी कुरियन या केरळच्या. स्वतःही परमुलखातून आलेल्या. १९९१ साली पुण्यात एका संस्थेत काम करताना त्यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवरा मारून टाकील, मला आज इथे ठेवून घ्या, असं तिनं विनवलं. सिस्टरना तसा अधिकार नव्हता, उद्या ये असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती आणि पोटातलं बाळ, दोघं गेली. ही हकिकत सिस्टर लूसींनी जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. त्यानंतर सहा वर्षं खटपट करून, फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी वढू बुद्रुकला 'माहेर' सुरू केलं. त्यांना २०१६ च्या महिला दिनी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

केडगाव आणि वढूत एक मोठा फरक आहे. माहेरमध्ये कुठल्याच एका धर्माची उपासना नाही. दिवाळी, ईद, नाताळ सगळं साजरं होतं, आणि जात विचारत नाहीत. रमाबाईंच्या काळात जो प्रश्न सुटला नव्हता, तो शंभर वर्षांनी नदीच्या वरच्या अंगाला अशा रीतीनं सोडवलेला दिसतो. दुसरा फरक म्हणजे माहेरनं आजूबाजूच्या गावांत बायांचे बचत गट उभे केले. पण साम्य त्याहून जास्त आहे. इथेही आधी मार खाल्लेल्या बाया आल्या, मग त्यांची मुलं, मग रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्ण बाया, मग घरच्यांनी सोडलेली म्हातारी माणसं. बाईचं दार उघडलं की मागोमाग हे सगळं येतंच. आणि इथेही आसऱ्याला आलेल्या काही बायाच पुढे घर सांभाळणाऱ्या झाल्या.

आता आपल्याकडे येऊ. केडगाव, राहू, पाटस, वरवंड भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातली कुटुंबं राबतात. न्हावरे असो की पाटस, कारखाना लागला की बीड-नगरकडून कोयता येतो, उचल घेतलेला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी तिच्या हातात पडतच नाही. रांजणगावच्या कंपन्यांत बिहार, ओडिशाकडचे कामगार, त्यांच्या बायका दहा बाय दहाच्या खोलीत. गेल्या हंगामात आमच्या एका गटाच्या बैठकीला गुऱ्हाळावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी येत नव्हतं. डोळा सुजलेला होता. ती काही मागायला आली नव्हती, चार बाया बसलेल्या दिसल्या म्हणून थांबली होती. गटातल्या एका आजीनं सरकून जागा दिली आणि चहा दिला. आजींचं हिंदी सिनेमातलं, पण चाललं. ती पुढच्या तीन बैठकांना आली. मग गुऱ्हाळ बंद झालं आणि ती गेली.

तिला सभासद करता आलं नाही, कारण गट गावातल्या बायांचा. हा नियम आपण एका रात्रीत बदलू शकणार नाही, पण सतरंजीवर बसायला सभासदत्व लागत नाही. आणि अशी बाई 'माझं गाव इथलं नाही, मी इथे तक्रार कशी करू' असं म्हणते, तेव्हा तिला सांगण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा सांगतो, की बाई तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या कोर्टातही ती अर्ज करू शकते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं, की सासरच्या छळाची फौजदारी तक्रार बाईनं जिथे आसरा घेतलाय तिथे दाखल होऊ शकते. पोलीस ठाण्यानं 'आमची हद्द नाही' असं म्हटलं तरी झिरो एफआयआर घ्यावी लागते. बाईला सरकारी वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, शिरूरलाही आणि दौंडलाही. फोनसाठी १८१ आणि ११२.

म्हाताऱ्यांसाठी १४५६७ हा फोन आहे. २००७ च्या कायद्यानं आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते, अर्ज प्रांतांकडे करायचा, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावावर केली असेल आणि तो सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मिळू शकतं. मात्र ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. म्हणून आपल्या सासूनं किंवा आईनं सही करण्याआधी तो कागद गटात एकदा वाचून घ्या. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आईही मुलाविरुद्ध अर्ज करू शकते, आणि २०१६ पासून सुनेविरुद्धही.

अर्ज मराठीत चालतो. गुऱ्हाळावरच्या बाईला मराठी येत नसेल तर तिचं म्हणणं नीट ऐकून लिहून घ्यायला, आणि कोर्टात किंवा ठाण्यात तिच्या शेजारी बसायला, आपल्यातली एक जण जाऊ शकते. न्हावऱ्याहून शिरूर आणि चौफुल्याहून दौंड, दोन्हीकडे गाड्या मिळतात.